बागुलबुवाचे पिक्चर: तुमचा आवडता कुठला? (आणि खळ्यात लावण्यासारखा कुठला?)

गडग्यापलीकडे
मंडळी, मे महिन्यात गावच्या घरी सगळी चुलत-आते-मामे भावंडं आणि त्यांची पोरं जमतात. यंदा धाकट्या काकाने प्रोजेक्टर घेतलाय त्यामुळे खळ्यात चादर बांधून रात्री पिक्चर लावायचा ठराव आधीच पास झालाय. पोरांनी (बहुतेक सगळी अकरा ते सोळातली, एक नऊ वर्षांची आहे पण तीच सगळ्यात आगाऊ) एकमुखाने भुताचा पिक्चर मागितलाय. आता भुताचे पिक्चर ढिगाने आहेत, मला त्यातला एकच प्रकार हवाय, बागुलबुवाचा. म्हणजे कुणाचा तरी खून झाला मग आत्मा बदला घेत फिरतो ते नको, पाद्री येऊन पाणी शिंपडतो तेही नको. ज्याचं नाव घेऊन मोठी माणसं पोरांना झोपवतात, जो कपाटात नाहीतर माळ्यावर असतो आणि का असतो ते कुणी सांगत नाही, तो.

माझ्यापुरतं म्हणाल तर १९७८ च्या 'हॅलोविन'च्या वर अजून काही गेलेलं नाही. जॉन कार्पेंटरने सव्वातीन लाख डॉलरच्या आसपास काढलेला पिक्चर, म्हणजे हॉलिवूडच्या हिशोबाने चहापाण्याचा खर्च. मायकल मायर्सचा तो मुखवटा दुकानात मिळणारा स्टार ट्रेकच्या कॅप्टन कर्कचा, त्यालाच पांढरा रंग मारलाय. लहान टॉमी खिडकीतून बघतो, समोरच्या घरापाशी बागुलबुवा उभा आहे म्हणून ओरडतो, त्याला सांभाळायला आलेली मुलगी बघते तर तिथे कोणी नाही. हे सगळीकडे असतं. पण शेवटी तीच मुलगी डॉक्टरला विचारते की तो बागुलबुवाच होता ना, आणि एवढा शिकलेला मानसोपचारवाला डॉक्टर हो म्हणतो! मला तिथे दरवेळी काटा येतो. मोठ्या माणसाने पोरांची गोष्ट खरी मानली की खेळ खलास.

तर सुचवा. भांडा पण मुद्द्यावर भांडा.

सोलकढी_कमी_तिखट
पहिली मी! 'द बाबादूक', २०१४, ऑस्ट्रेलियाचा. विषय संपला, धागा बंद करा.

पाखाडी
बाबादूक नऊ वर्षांच्या पोरीला? त्यात ते पोरगं पहिला अर्धा तास नुसतं किंचाळतं, तुमच्या खळ्यात आधीच तशी दहा असतील.

सोलकढी_कमी_तिखट
@पाखाडी, किंचाळतं कारण त्याचं कुणी ऐकत नाही हो. नवरा मेलेली बाई, एकटी पोर वाढवतेय, झोप नाही, आणि घरात कुठून तरी ते लाल पुस्तक येतं ज्यात काळी टोपी घातलेला माणूस. पुस्तक फाडते तर चिकटवलेलं परत दारात हजर. मला यातली आवडती गोष्ट म्हणजे शेवट, ज्यांना बघायचाय त्यांनी पुढचं वाचू नका. बाबादूक मरत नाही. ती त्याला तळघरात ठेवते आणि रोज वाडग्यात गांडुळं घेऊन जाते त्याला खायला. बागुलबुवाचा असा संसार दुसऱ्या कुणी दाखवलेला नाही. जेनिफर केंटचा पहिलाच मोठा पिक्चर होता आणि 'एक्झॉर्सिस्ट'वाल्या विल्यम फ्रीडकिनने याच्याइतका भीतीदायक पिक्चर बघितलेला नाही म्हणून सर्टिफिकेट दिलं होतं.

टेपरेकॉर्डर
बाबादूक चांगलाच आहे पण तो आईचा पिक्चर आहे, बागुलबुवा त्यात निमित्ताला. गडग्यापलीकडे यांच्याशी सहमत, हॅलोविन. फक्त एक भर घालतो, त्याचं संगीत. कार्पेंटरने स्वतःच केलंय, पाच मात्रांचा ठेका आहे, लहानपणी त्याच्या बापाने त्याला बोंगोवर शिकवलेला. आपल्या कानाला चार किंवा आठची सवय, त्यामुळे तो ठेका सतत एक पाऊल पुढे पडल्यासारखा वाटतो, बसूच देत नाही. आवाज बंद करून बघा, अर्धा पिक्चर नुसता रस्ता आणि झाडं आहेत. तुम्ही प्रोजेक्टरच्या आतल्या स्पीकरवर लावणार असाल तर लावूच नका, कुणाकडून तरी मोठा स्पीकर आणा, गणपतीतला असेलच.

वेंगुर्ल्याचो_झील
तुमका पिक्चर कित्याक होये? आमच्याकडे रात्री लाइट गेली की फुकट शो. आरवलीचो वेतोबा रात्रीचो गावात फिरता, तेच्या चपला झिजतत म्हणान लोक नवसाक ह्या एवढ्या मोठ्या चामड्याच्या चपला देतत, देवळात जावन बघा. पण तो राखणदार हां, तेका बागुलबुवा म्हणू नका, आजी ऐकात तर माका घराभायर काढीत.

पाखाडी
@झील, हाच तर फरक आहे ना. आपल्याकडे रात्री फिरणारा बहुतेक राखणदारच निघतो. त्याला नारळ दिला, केळी दिली, गाऱ्हाणं घातलं की तो आपल्या बाजूने. अमेरिकेतल्या कपाटातल्या माणसाला गाऱ्हाणं कोण घालणार, त्यामुळे ती पोरं बिचारी एकटी पडतात.

हापूस_पायरी
२००५ चा 'बूगीमॅन' कुणी बघितलाय का? सॅम रेमीच्या कंपनीचा. सुरुवात कसली भारी आहे, लहानपणी बापाला कपाटाने आत ओढलेलं बघितलेला मुलगा मोठा होतो आणि त्याच्या घरात एकही कपाट नाही, फ्रीजचं दार काचेचं, गादी थेट जमिनीवर. बस्स, मला एवढ्यावरच पैसे वसूल वाटले होते. पुढे मात्र... शेवटी जो काय सीजीआयचा बाहुला धावून येतो तो बघून आमच्या होस्टेलवर सगळे हसायला लागले. तरी तो पिक्चर अमेरिकेत पहिल्या आठवड्यात एक नंबरला होता, आणि पुढे त्याचे दोन भागही आले. कोण बघतं देव जाणे.

टेपरेकॉर्डर
दाखवला की मेला. बागुलबुवाचा नियमच आहे तो.

जगबुडीकाठ
@टेपरेकॉर्डर, नियम वगैरे काही नाही हो. 'तुंबाड' बघितलात ना? त्यातला बागुलबुवा हस्तर चांगला समोर येऊन उभा राहतो, लालभडक, आणि तरी फाटते.

मी खेडचा, तुंबाड आमच्याच तालुक्यात, त्यामुळे या पिक्चरबद्दल मी जरा जास्त बोलणार, कंटाळा आला तर पुढे जा. १९१८ साल, पाऊस, वाड्यात साखळदंडाने बांधलेली म्हातारी आणि तिला खाऊ घालायला जाणारी दोन पोरं. ती जागी झाली की काय म्हणायचं हे आई पोरांना शिकवून ठेवते, झोप नाहीतर हस्तर येईल. आता मला सांगा हा बागुलबुवाचा पिक्चर नाही तर काय! फक्त इथे उलटं आहे, पोर म्हातारीला भीती घालून झोपवतं. असला प्रकार मी कुठल्या इंग्रजी पिक्चरमध्ये बघितलेला नाही. (म्हातारीचा भाग नारायण धारपांच्या कथेवरून आलाय, धारप वाचणाऱ्यांना तिथे लगेच ओळख पटते.)

आणि हस्तर दाखवूनही तो पडत नाही कारण त्याला नियम दिलेत. त्याला सोनं मिळालं पण धान्य मिळालं नाही, म्हणून तो कायमचा भुकेला. पिठाची बाहुली टाकली की तो तिच्यावर तुटून पडतो, तेवढ्यात त्याच्या लंगोटातून मोहरा ओढायच्या, स्वतःभोवती पिठाचं रिंगण आखलेलं असेल तर वाचलात. दोराने खाली उतरायचं, पिठाची पिशवी कमरेला. हे सगळं एखाद्या धंद्यासारखं दाखवलंय, बाप पोराला शिकवतो, पोरगं घरी सराव करतं. एकदा धंदा झाला की भीती मरायला हवी ना, पण होतं भलतंच, तिथे हाव सुरू होते. शेवटी पोराच्या डोक्यात येतं की जास्त बाहुल्या नेल्या तर जास्त मोहरा, आणि मग... नाही सांगत.

पाऊस खरा आहे त्यातला, कित्येक पावसाळे थांबून थांबून शूट केलंय. वाडा मात्र आमच्याकडचा नाही, सासवडचा आहे, हे आमच्या गाववाल्यांना अजून पचलेलं नाही. २०१८ साली आला तेव्हा थेटरात कुत्रं नव्हतं, २०२४ च्या सप्टेंबरात परत लावला तर पहिल्या वेळेपेक्षा जास्त धंदा.

सोलकढी_कमी_तिखट
तुंबाड +१, पण भावंडांच्या पोरांसमोर? त्यात मोठ्यांचे सीन आहेत, काका चादरीसमोर उभा राहून हात आडवा धरणार.

गडग्यापलीकडे
@सोलकढी, हो ना. शिवाय म्हातारी. आमच्या घरात खरोखरची आजी आहे, ती रात्री काठी टेकत न्हाणीकडे निघाली की सोळा वर्षांचा पण बोंबलेल.

कातळसडा
मग 'मुंज्या'च लावा, २०२४ चा. कोकणातलाच आहे, १९५२ सालच्या गावात सुरुवात, समुद्राकाठचा पिंपळ, मुंज झालेला आणि लग्नाच्या हट्टाने मेलेला पोरगा. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार म्हणजे आपलाच माणूस, आजीच्या कामात सुहास जोशी. पोरांना हसू पण येतं आणि भीती पण वाटते. नऊ वर्षांच्या आगाऊसाठी हाच.

टेपरेकॉर्डर
मुंज्याला मी बागुलबुवा नाही म्हणणार. त्याला मुन्नी हवीय, जिच्याशी लग्नाचा हट्ट होता ती. बागुलबुवाला काही नको असतं.

कातळसडा
@टेपरेकॉर्डर, तुम्ही पीएचडी करताय का?

हापूस_पायरी
कुणी तात्या विंचूचं नाव कसं काढलं नाही? 'झपाटलेला', १९९३. 'चाइल्ड्स प्ले'वरून उचललाय हे माहितीय, पण मराठी घरातल्या एका अख्ख्या पिढीला खेळण्यातल्या बाहुल्याकडे पाठ करून झोपता आलेलं नाही ते त्या रामदास पाध्यांच्या बाहुल्यामुळे. लक्ष्याचा विनोद चालू असतो आणि मागे तो बाहुला मान फिरवतो. दिलीप प्रभावळकरांचा आवाज. आमच्याकडे जेवत नसलं पोर की थेट मंत्र म्हणायचे.

वेंगुर्ल्याचो_झील
आमच्याकडे २०१६ नंतर 'रात्रीस खेळ चाले'तले अण्णा नाईक चालतत. आकेरीचो तो वाडो सिरियलीत दिसलो आणि मगे पोरां संध्याकाळी थयसून सायकल घालीनात.

पाखाडी
आणि गब्बरला विसरलात. पन्नास पन्नास कोसांवरच्या आया आपलं नाव घेऊन पोरं झोपवतात हे तो स्वतःच सांगतो. १९७५ पासूनचा आपला सगळ्यात गाजलेला बागुलबुवा, आणि त्याला ना कपाट लागलं ना अंधार.

शिमग्याची_सुट्टी
उशिरा आले पण मोठं लिहिणारे, चहा घ्या.

वर दाखवायचा की नाही यावर जे चाललंय त्यावरून आमच्याकडचा संकासुर आठवला. गुहागर-दापोली पट्ट्यातल्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी: शिमग्यात नमन-खेळ्यांबरोबर येतो. अंगभर काळा झगा, तोंडावरून खाली आलेली उंच निमुळती काळी टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरांचा पट्टा. पण दिसतो तो सगळ्यात शेवटी. आधी ऐकू येतो. वाडीच्या खालच्या टोकाला असल्यापासून छन्न छन्न, पाखाडीच्या प्रत्येक पायरीला एकदा. मग मध्येच थांबतो, म्हणजे कुणाच्या तरी अंगणात शिरलाय. तो थांबलेला वेळ सगळ्यात वाईट, कारण आता पुढचं घर आपलं की वरच्या आळीतलं ते कळत नाही. आम्ही पोरं भाताच्या कणगीमागे, एकमेकांची तोंडं दाबून. आणि मग काय व्हायचं, तर सख्खी आई येऊन बखोटीला धरून ओटीवर त्याच्या पुढ्यात उभी करायची. टेपरेकॉर्डर म्हणतात तो ठेका वगैरे मला तिथे कळला.

पुढचं ऐका. थोड्या वेळाने तोच संकासुर टोपी मागे सारून पडवीत चहा पीत बसलेला आणि तो असतो खालच्या आळीतला रंगारी काका, ज्याने आमच्या खिडक्या रंगवल्या. म्हणजे मुखवट्याखाली ओळखीचा माणूस. आता स्टीफन किंगची १९७३ ची मूळ 'बूगीमॅन' गोष्ट घ्या, जिच्यावरून २०२३ चा पिक्चर आलाय. एक बाप डॉक्टरसमोर कोचावर पडून सांगतोय की त्याची तिन्ही पोरं कशी गेली, प्रत्येक वेळी कपाटाचं दार किलकिलं उघडं होतं. सांगून बाहेर पडतो, काहीतरी सांगायला परत आत येतो आणि बघतो तर कपाटातून जे बाहेर येतं त्याच्या हातात डॉक्टरच्या चेहऱ्याचा मुखवटा! आपल्या बरोब्बर उलट, ओळखीचा माणूस हाच मुखवटा. मी ती गोष्ट वाचली तेव्हा पहिला विचार रंगारी काकांचा आला, खरं सांगते. त्यानंतर पुढच्या शिमग्यात त्यांनी टोपी काढल्यावर सुद्धा मी चहा द्यायला गेले नाही.

आणि २०२३ च्या पिक्चरने हाच शेवट टाकून दिला. डॉक्टरला बाप केला, त्याची बायको अपघातात गेलेली, दोन मुली, आणि त्या गोष्टीतला बाप त्यांच्या घरी येऊन ते भूत सोडून जातो. चांगला आहे पण मूळ गोष्टीचा काटाच काढलाय.

हापूस_पायरी
@शिमग्याची_सुट्टी, काय लिहिलंय! वेगळा लेख टाका.
पण २०२३ च्या वाल्याची बाजू घेतो थोडी. धाकट्या पोरीकडे तो चंद्राच्या आकाराचा गोल दिवा असतो, अंधाऱ्या पॅसेजमध्ये ती तो घरंगळत सोडते आणि जिथे जिथे दिवा जातो तेवढंच दिसतं, तो सीन खणखणीत आहे. तो आधी नुसता ओटीटीवर सोडणार होते, चाचणी शोला लोक घाबरून ओरडले म्हणून थेटरात आणला. त्याचा दिग्दर्शक रॉब सॅव्हेज म्हणजे तोच ज्याने लॉकडाउनमध्ये व्हिडिओ कॉलवर 'होस्ट' केला होता.

टेपरेकॉर्डर
दिव्याचा सीन मान्य. प्राणी दाखवल्यावर परत तेच, पाय मोजत बसलो मी त्याचे.
संकासुराच्या थांबण्याबद्दल मात्र साष्टांग नमस्कार. हॅलोविनच्या शेवटी हिरवळीवर पडलेला मायकल नाहीसा झालेला असतो, आणि मग एकेक रिकामी खोली, जिना, बाहेरची घरं, त्यावर नुसता त्याचा श्वास. घुंगरू थांबलंय आणि कुठल्या अंगणात थांबलंय माहीत नाही, तेच ते.

जगबुडीकाठ
'सिनिस्टर' (२०१२) कुणी सुचवायच्या आधी सांगतो, पोरांना अजिबात नको. लेखक, माळ्यावर सापडलेली जुनी फिल्मची रिळं, प्रत्येक रिळात एक कुटुंब, आणि कोपऱ्यात कुठेतरी तो बगूल नावाचा राक्षस. पोरांनाच नादी लावतो. त्यातलं गवत कापायच्या मशीनचं रीळ बघून मी स्वतः लॅपटॉप मिटला होता, दिवसाढवळ्या.

कातळसडा
अरे 'मॉन्स्टर्स, इंक.' लावा ना! २००१ चा पिक्सारचा, बागुलबुवांची अख्खी कंपनी, शिफ्टमध्ये कपाटातून येतात, किंकाळ्यांवर त्यांच्या गावची वीज चालते. आणि सगळ्यात जास्त तेच घाबरतात पोरांना. आपल्याकडे पावसाळ्यात असलं काहीतरी बसवायला पाहिजे, पोरं किंचाळली की फेज परत.

गडग्यापलीकडे
@कातळसडा, नऊ वर्षांची म्हणाली तो मी केजीत बघितला, काहीतरी खरं दाखव.
ठरलं असं: जेवणं झाली की मुंज्या सगळ्यांना. मग बारकी झोपली (झोपली तर) की हॅलोविन. स्पीकर वाडीतल्या मंडळाकडून सांगितलाय. तुंबाड आम्ही मोठी माणसं दुसऱ्या दिवशी माजघरात बघू, आजी देवळात गेल्यावर.

ओहोटी
नेहमी वाचनमात्र असते पण इथे एक टाकतेच. सगळ्यांच्या आधीचा, १९३१ चा, फ्रिट्झ लांगचा 'एम'. पहिलाच सीन, चाळीसारख्या इमारतीच्या चौकात पोरं रिंगण करून उभी, मधली पोरगी बोट फिरवत गाणं म्हणतेय, काळा माणूस येणार, छोटी कुऱ्हाड घेऊन येणार, ज्याच्यावर बोट थांबेल तो बाद. वरून एक बाई ओरडते की ते घाणेरडं गाणं बंद करा. बाई आत गेली की पोरं परत चालू. शहरात खरोखरच पोरं नाहीशी होत असतात, मोठे भीतीने अर्धमेले झालेत आणि पोरांनी त्याचा खेळ करून टाकलाय.
खुनी दिसायच्या आधी शीळ ऐकू येते (शिमग्याची_सुट्टी यांच्या घुंगरांसारखीच), त्या शिळेवरूनच एक आंधळा भिकारी त्याला ओळखतो. आणि पकडतात पोलीस नाही तर गावातले चोर-दरोडेखोर. त्यांच्यासमोर तो जो रडतो, पीटर लोर, गोल डोळ्यांचा, घामेजलेला साधा कारकुनासारखा माणूस, माझ्या आत जे आहे ते मला आवरता येत नाही म्हणतो... बागुलबुवालाच कुणाची तरी भीती वाटतेय हे बघणं फार विचित्र आहे. कीव येते आणि त्या कीव येण्याचाच राग येतो. आवडता म्हणायला जीभ रेटत नाही पण परत परत बघते.

टेपरेकॉर्डर
@ओहोटी, वाचनमात्र कशाला राहता तुम्ही! आज रात्रीच बघतो.

गडग्यापलीकडे
@ओहोटी, हा माझ्यासाठी ठरला. पोरांना नाही जमणार, जर्मन आहे आणि सबटायटल चादरीवर वाचता येत नाहीत, आमच्या चादरीवर फुलं आहेत.

वेंगुर्ल्याचो_झील
फुलांच्या चादरीवर मायकल मायर्स! फोटो टाका हां. आणि इन्व्हर्टर चार्ज करून ठेवा, नायतर ऐन टायमाक लाइट जातली आणि पोरां म्हणतली ह्याच खरा.